९.३×६२: एका काडतुसाभोवती रायफल कशी घडते

हाताने घडवलेली शिकारी रायफल समोर आली की पाहणाऱ्याची नजर आधी अक्रोडाच्या लाकडावर जाते, मग नक्षीवर, मग नळीवर. घडवणारा मात्र सुरुवात काडतुसापासून करतो. ते एकदा ठरले की रायफलीचा सांगाडा (बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, ज्यात बसतो तो पोलादी भाग) किती लांब लागेल, मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, किती रुंद करायचे, नळीतल्या खाचांना पीळ किती द्यायचा, दस्ता कुठे भक्कम हवा आणि एकूण वजन किती असावे, हे बहुतांशी ठरूनच जाते. म्हणून हा विषय समजून घ्यायचा तर एकच काडतूस हाती धरावे आणि त्याच्या मागोमाग जावे, हे मला सर्वात सरळ वाटते. मी निवडलेले काडतूस आहे ९.३×६२. बर्लिनचे बंदूक कारागीर ओटो बॉक यांनी ते १९०५ साली तयार केले आणि आजही ते कारखान्यांत बनते, जंगलात वापरले जाते.

यातला पहिला आकडा गोळीचा व्यास सांगतो, दुसरा पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, टोपीतली ठिणगी दारू पेटवते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. काही क्षण फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घराच्या, भिंतीला चिकटणारी आणि वायू मागे येऊ न देणारी पुंगळी हा या साऱ्यातला सर्वात कमी कौतुक झालेला भाग आहे.

नळीच्या मापाला बोअर म्हणतात. ९.३×६२ ज्या गटात मोडते तो 'मध्यम बोअर' म्हणजे साधारण .३३ ते .३७५ इंच व्यासाच्या गोळ्या, मिलिमीटरमध्ये ८.४ ते ९.५. त्याखाली हरणांसाठीच्या रायफली येतात. जिम कॉर्बेट यांना १९०७ साली भेट मिळालेली .२७५ रिग्बी याच खालच्या गटातली. त्यावर .४०० पासून .६०० पर्यंतच्या जड रायफली येतात. त्या हत्ती आणि रानरेडा अशा जनावरांसाठी आणि अगदी जवळच्या अंतरासाठी केलेल्या असतात. मधल्या गटाचे काम म्हणजे एकाच रायफलीने सांबराएवढ्या जनावरापासून अस्वल, मूस (उत्तरेकडचे प्रचंड हरीण), वेळप्रसंगी आफ्रिकी रानरेड्यापर्यंत निभावणे. ब्रिटिशांची .३१८ वेस्टली रिचर्ड्स, १९०८ ची .३५० रिग्बी मॅग्नम, १९१२ ची .३७५ हॉलंड अँड हॉलंड, अमेरिकेत १९२२ साली आलेली .३५ व्हेलन आणि जर्मनांची ९.३×६२ ही या गटातली जुनी, मानाची घराणी.

बॉक यांच्यापुढचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आणि नैऋत्य आफ्रिकेत जर्मन वसाहती होत्या. तिथे गेलेल्या शेतकऱ्याला मांसासाठी हरीण मारायचे असे, पिकात घुसणारा रानरेडा हाकलायचा असे, कधी गोठ्यावर आलेल्या सिंहाला तोंड द्यायचे असे. लंडनच्या दुनळी रायफली या कामाला उत्तम होत्या, पण त्या श्रीमंतांच्या. सामान्य वसाहतवाल्याच्या आवाक्यात होती ती माउझर. पॉल माउझर यांची मॉडेल ९८ ही रायफल १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारली होती. तिचा सांगाडा मजबूत, भरपूर उपलब्ध आणि तुलनेने स्वस्त होता. पण तिचे ८×५७ हे लष्करी काडतूस मोठ्या जनावराला कमी पडे.

बॉक यांनी सांगाड्याला हात न लावता काडतूस बदलले. लष्करी ९८ च्या मॅगझीनमध्ये आतून सुमारे ८४ मिमी लांबी मिळते. त्यांनी काडतुसाची एकूण लांबी ८३.६ मिमी ठेवली, म्हणजे मिळेल तेवढी सगळी जागा वापरली. पुंगळीच्या बुडाची कड ८×५७ इतकीच, ११.९५ मिमी ठेवली. त्यामुळे बोल्टचे तोंड बदलायची गरज उरली नाही. पुंगळीचे अंग किंचित जाड केले, ती लांब केली आणि तिच्या तोंडाशी १८.५ ग्रॅमची गोळी बसवली. नवी नळी लावायची, मॅगझीनमध्ये थोडे काम करायचे, की साध्या माउझरची मोठ्या शिकारीची रायफल तयार. एखाद्या गोष्टीची मर्यादा नीट मोजून तिच्या काठापर्यंत जायचे आणि काठ ओलांडायचा नाही, ही शहाणी रचना आहे, आणि म्हणूनच हे काडतूस मला या संपूर्ण गटाचे सर्वोत्तम उदाहरण वाटते.

शेजारी .३७५ ठेवून पाहा. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने ती केली तेव्हा ब्रिटनमध्ये कॉर्डाइट ही दारू चाले. शेवयांसारख्या लांब काड्यांची ही दारू उष्णतेला फार संवेदनशील. लंडनच्या थंडीत बेताचा दाब देणारे काडतूस भारतात किंवा सुदानमध्ये उन्हात तापले की दाब धोकादायक पातळीवर जाई, रिकामी पुंगळी चेंबरमध्ये अडकून बसे. समोर जखमी जनावर असताना बोल्ट न उघडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. म्हणून .३७५ ची पुंगळी लांब, ऐसपैस आणि चांगलीच निमुळती ठेवली, जेणेकरून दाब आटोक्यात राहील आणि पुंगळी सहज सुटेल. याची किंमत लांबीत मोजावी लागली. काडतूस ९१.४ मिमीचे झाले, साध्या माउझरमध्ये ते मावत नाही. त्याला माउझरचा लांब 'मॅग्नम' सांगाडा लागे, आणि तो महाग होता, आजही आहे.

.३५ व्हेलनची वाट तिसरी. अमेरिकेत .३०-०६ या लष्करी काडतुसाच्या पुंगळ्या मुबलक होत्या. तिचेच तोंड रुंद करून .३५८ इंचाची गोळी बसवली. कर्नल टाउनसेंड व्हेलन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे काडतूस अनेक दशके फक्त खासगी कारागिरांच्या रायफलींतच राहिले. रेमिंग्टन कंपनीने ते कारखान्यात घेतले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस.

मोठ्या तोंडाचा फायदा

इथे एक भौतिकशास्त्राचा मुद्दा थोडा सावकाश पाहायला हवा, कारण मध्यम बोअरची सगळी खुबी त्यात आहे. वायूचा दाब गोळीच्या बुडावर पडतो. बुडाचे क्षेत्रफळ जितके जास्त, तितका त्याच दाबाचा एकूण रेटा जास्त. .३०-०६ ची गोळी ७.८२ मिमीची, बॉक यांची ९.३ मिमीची. व्यासातला फरक दीड मिलिमीटरचाच दिसतो, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढते आणि ते ४१ टक्क्यांनी जास्त भरते. दोन्ही पुंगळ्यांची आतली जागा मात्र फारशी वेगळी नाही, ९.३×६२ मध्ये सुमारे ५ मिलिलिटर पाणी मावते. म्हणजे जवळपास तेवढ्याच दारूत, कमी दाबावर, बरीच जड गोळी चांगल्या वेगाने जाते.

आकड्यांत सांगायचे तर १८.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७२० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा ४८०० जूलच्या आसपास जाते. .३०-०६ मधली ११.७ ग्रॅमची गोळी ८२० मीटर वेगाने निघून ३९०० जूल देते. .३७५ मधून १९.४ ग्रॅमची गोळी ७७० मीटरने निघाली तर ५७०० च्या पुढे. युरोपातल्या सी.आय.पी. या मानक संस्थेने ९.३×६२ साठी कमाल दाब ३९०० बार ठरवला आहे, .३७५ साठी ४३००.

दुसरा परिणामही लक्षात घेण्यासारखा आहे. रुंद नळीत गोळी पुढे सरकताच वायूला पसरायला झपाट्याने जागा मिळते, त्यामुळे दाब लवकर उतरतो. लांब नळीचा फायदा म्हणूनच कमी होतो. ५६ ते ६० सेंटीमीटरची नळी या काडतुसाला पुरते, रायफल आटोपशीर राहते, झाडीत वळवता येते. आणि दारूही .३०-०६ मध्ये जड गोळ्यांना लागते त्यापेक्षा थोडी जलद जळणारी लागते.

ऊर्जेच्या आकड्यांनी मात्र भुलून जाऊ नये. जनावर लवकर आणि कमी वेदनेने मरते ते गोळी योग्य जागी आणि पुरेशी खोल गेल्याने. खोलीसाठी महत्त्वाचे असते ते गोळीच्या वजनाचे तिच्या आडव्या छेदाशी प्रमाण. ९.३ ची १८.५ ग्रॅमची गोळी आणि .३७५ ची १९.४ ग्रॅमची गोळी या दोहोंत ते जवळजवळ तंतोतंत सारखे येते. अनुभवी शिकारी या दोन काडतुसांत फार भेद करत नाहीत, त्याचे हे एक कारण. कायदा मात्र भेद करतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा धरली. काही ठिकाणी ९.३ ला सूट मिळते, काही ठिकाणी ऊर्जेचीही अट असते. उत्तर युरोपात, विशेषतः स्वीडनमध्ये मूससाठी आणि जर्मनीत रानडुकराच्या हाक्यासाठी, ९.३×६२ आजही अगदी रोजच्या वापरातली आहे.

सांगाडा आणि मॅगझीन

चांगला कारागीर या काडतुसासाठी आजही जुना माउझर ९८ किंवा त्याच रचनेचा नवा सांगाडा शोधतो. कारण त्याचा पंजा. बोल्टच्या कडेला लांब पोलादी पट्टी असते आणि तिच्या टोकाला नखासारखा वळलेला पंजा. काडतूस मॅगझीनमधून वर येत असतानाच त्याची कड या पंज्याखाली सरकते आणि तिथून ते बाहेर फेकले जाईपर्यंत पंजा ते सोडत नाही. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धाच पुढे नेऊन मागे ओढला तरी अर्धे गेलेले काडतूस सोबत मागे येते. दुसरे त्याच्या मागे घुसून रायफल जाम होत नाही. शिवाय पुंगळी फुटलीच तर वायू नेमबाजाच्या डोळ्याकडे न येता बाजूला निघून जावा यासाठी बोल्टला भोके आहेत, आणि बोल्ट जागी अडकवून ठेवणाऱ्या पुढच्या दोन कुलुपांना आधार म्हणून मागे तिसरे.

मॅगझीन हा भाग बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकला जातो. मला तो सर्वात सुंदर वाटतो. माउझरच्या पेटीत काडतुसे एकावर एक उभी रचलेली नसतात. डावीकडे एक, उजवीकडे एक अशी नागमोडी बसतात. कोणतीही तीन शेजारची काडतुसे बुडाकडून पाहिली तर त्यांची केंद्रे समभुज त्रिकोणावर यायला हवीत. तसे झाले की पेटीची रुंदी एका साध्या गुणाकाराने मिळते: पुंगळीच्या बुडाचा व्यास गुणिले १.८६६. ९.३×६२ च्या बुडाजवळचा व्यास १२.१ मिमी, म्हणजे पेटी सुमारे २२.६ मिमी रुंद. पेटी याहून अरुंद झाली तर काडतुसे एकमेकांवर चढून दाबली जातात. जास्त रुंद झाली तर ती खाली घसरतात आणि पुढचे काडतूस तिरके वर येते. पुंगळी पुढे निमुळती असल्याने पुढच्या टोकाची रुंदी वेगळी काढावी लागते. माउझरच्या कारखान्यात वेगवेगळ्या काडतुसांसाठी वेगवेगळ्या मापाच्या पेट्या होत, त्या याच हिशेबाने.

त्यावरचे दोन ओठ, म्हणजे काडतुसे वर उसळू न देणाऱ्या कडा, कानसीने घासून जुळवाव्या लागतात. हे काम तासन्‌तास चालते. कारागीर रिकाम्या, दारू नसलेल्या काडतुसांनी बोल्ट हळू चालवतो, जोरात चालवतो, रायफल आडवी धरून चालवतो, उलटी धरून चालवतो. कोणत्याही स्थितीत काडतूस न अडखळता चेंबरमध्ये गेले पाहिजे. नव्या रायफलीची किंमत ज्या तासांची असते त्यांतले बरेच इथे गेलेले असतात आणि बाहेरून त्यातले काहीच दिसत नाही.

नळी

नळीच्या आत पिळदार खाचा असतात. दोन खाचांमधल्या उंचवट्यांवर मोजला तर ९.३ च्या नळीचा व्यास ९.०० मिमी भरतो, खाचांच्या तळाशी ९.२८. गोळी ९.३० ची. म्हणजे ती आत शिरताना उंचवट्यांनी कोरली जाते आणि त्यांच्या पिळाप्रमाणे फिरू लागते. फिरली नाही तर लांबट गोळी हवेत कोलांट्या खाईल.

पीळ किती हवा याचे एक जुने सूत्र आहे, आल्फ्रेड ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ साली मांडलेले. व्यासाचा वर्ग घ्या, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. ९.३ मिमी व्यासाची गोळी समजा ३४ मिमी लांब असेल तर उत्तर सुमारे ३८२ येते. म्हणजे ३८२ मिमी अंतरात एक पूर्ण फेरा. बॉक यांच्या काडतुसाचा प्रमाण पीळ ३६० मिमीला एक फेरा असा आहे, सूत्राहून थोडा जास्तच घट्ट. लांब गोळी वापरली तरी ती स्थिर राहील इतकी सवलत त्यात आहे. .३५ व्हेलनच्या बाबतीत उलट झाले. तिच्या जुन्या नळ्यांना १६ इंचांना एक फेरा असा सैल पीळ असे. आजच्या शिसे नसलेल्या, संपूर्ण तांब्याच्या गोळ्या त्याच वजनात जास्त लांब असतात, त्यांना तो अपुरा पडू शकतो. नवी नळी मागवणाऱ्याने हा विचार आधी करायला हवा, कारण पीळ नंतर बदलता येत नाही.

मग चेंबर. काडतुसाच्याच आकाराचे कापणारे हत्यार फिरवून नळीच्या मागच्या टोकाला त्याचे घर कोरतात. काडतूस त्या घरात पुढे-मागे किती हलते, यावर सुरक्षितता आणि अचूकता दोन्ही अवलंबून असतात. ९.३×६२ मध्ये काडतुसाला पुढे जाण्यापासून रोखतो तो पुंगळीचा खांदा, जिथे ती मानेकडे अरुंद होते. तो खांदा अरुंद आहे, दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊण मिलिमीटर. म्हणून चेंबर सैल सुटला तर लगेच चुका दिसतात: पिनचा ठोका हलका बसतो, पुंगळी ताणली जाते. कारागीर पोलादी मापांनी तपासतो. एका मापावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्या किंचित लांब मापावर बंद होता कामा नये. दोहोंतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास.

.३७५ मध्ये हे काम पुंगळीच्या बुडाजवळचा उंचावलेला पट्टा करतो, कारण तिचा खांदा फारच उतरता आहे. हॉलंडने दिलेला हा पट्टा पुढे अनेक काडतुसांनी उचलला; .४५८ विंचेस्टर, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, .३०० विंचेस्टर मॅग्नम या सगळ्यांत तो दिसतो, गरज असो वा नसो.

लाकूड आणि धक्का

दस्त्यासाठी अक्रोड. तो कठीण असूनही फार जड नसतो, वाळल्यावर फारसा हलत नाही, बारीक रेघांची पकड त्यावर स्वच्छ कोरता येते. तुर्कस्तान, फ्रान्स आणि कॉकेशसच्या लाकडाला मान आहे. काश्मीरचा अक्रोडही त्याच जातीचा. फळीवरची नक्षी पाहून हरखणारे गिऱ्हाईक कारागिराला काळजीत टाकते, कारण त्याला हवे असतात ते दस्त्याच्या मनगटातून, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागातून, सरळ, मागे किंचित वर जाणारे तंतू. दस्ता मोडतो तो तिथेच.

सांगाड्याच्या खालच्या बाजूला एक आडवा पोलादी ठोकळा असतो, धक्का लाकडाला देणारा. तो लाकडाच्या खाचेत मागच्या बाजूला पूर्ण टेकला पाहिजे. अर्धवट टेकला तर प्रत्येक गोळीला सांगाडा थोडा मागे सरकतो आणि पाचरीसारखा शिरून दस्ता चिरतो. .३०-०६ मध्ये ढिलाई वर्षानुवर्षे खपून जाते, ९.३ मध्ये खपत नाही. म्हणून या रायफलींत लाकडातून आडवी पोलादी कांब घालतात, आणि ठोकळ्यामागची जागा काचतंतू मिसळलेल्या इपॉक्सीने भरून घेतात.

धक्क्याचा हिशेब सोपा आहे. गोळी आणि वायू जितक्या संवेगाने पुढे जातात तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. ४ किलोच्या ९.३×६२ मध्ये खांद्यावर येणारी ऊर्जा सुमारे ४० जूल, तेवढ्याच वजनाच्या .३०-०६ मध्ये २५ च्या आसपास, .३७५ मध्ये ५५ च्या. रायफल ३.२ किलोची केली तर ९.३ चा धक्का ५० जूलवर जातो. डोंगरात हलकी रायफल बरी वाटते, पण धक्क्याची भीती बसलेला नेमबाज चाप ओढताना डोळे मिटतो, आणि मग बाकी सगळी कारागिरी वाया जाते. दुर्बिणीसह ३.८ ते ४.२ किलो हे मला या काडतुसासाठी योग्य वजन वाटते. दस्त्याची वरची रेघ शक्य तितकी सरळ असावी, म्हणजे रायफल गालावर न उसळता सरळ खांद्यात येते.

काडतूस हाताने भरणे

काही जुन्या मध्यम बोअर रायफलींना हाताने भरण्यावाचून पर्यायच नाही. .३१८ किंवा .३५० रिग्बीची काडतुसे दुकानात सहज मिळत नाहीत. ९.३×६२ ची मिळतात, तरीही अनेकजण स्वतः भरतात, कारण प्रत्येक नळीला एखादी विशिष्ट गोळी आणि विशिष्ट वेग मानवतो, आणि तो शोधण्याचा दुसरा मार्ग नाही.

क्रम असा. झाडलेली पुंगळी स्वच्छ करून भेगा पाहायच्या. पोलादी साच्यात दाबून ती पुन्हा मूळ मापावर आणायची. त्याच दाबात जुनी टोपी निघते. पितळ ताणून लांब झाले असेल तर मान छाटायची. नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी ठरलेल्या खोलीवर बसवायची. वाचायला पाच मिनिटांचे काम, करायला संथ आणि एकाग्र.

साच्यात पुंगळी किती दाबायची, इथे पहिली जाण लागते. खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला तर पुढच्या वेळी पुंगळी तेवढी पुन्हा ताणते, आणि चार-पाच वेळांत बुडाच्या थोडे वर चकाकती रेघ दिसू लागते. ती रेघ म्हणजे आतून भिंत पातळ झाल्याची खूण. पुंगळी तिथे तुटते. .३७५ मध्ये हा धोका जास्त, कारण पट्टा आहे म्हणून चेंबरमध्ये खांद्याजवळ बरीच मोकळी जागा सोडलेली असते. जाणते लोक एकदा झाडलेल्या पुंगळीचा खांदा जिथे आला तिथेच ठेवतात आणि पट्ट्याकडे दुर्लक्ष करतात. मानेचे पितळ वारंवार वाकून ठिसूळ होते, तेव्हा फक्त मान तापवून ते पुन्हा मऊ करतात. बूड कधीही तापवायचे नाही. ते मऊ झाले तर दाब सहन करणार नाही.

दारूचे माप मी इथे मुद्दाम देत नाही. ते त्या विशिष्ट दारूच्या, गोळीच्या, पुंगळीच्या आणि टोपीच्या जोडीनेच खरे असते, आणि दारू किंवा गोळी बनवणाऱ्यांनी दाब मोजून छापलेल्या तक्त्यातूनच घ्यायचे असते. तक्त्यातही सुरुवात खालच्या आकड्यापासून करायची, कारण दाब दारूच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही. वरच्या टोकाला दारू जराशी वाढवली तर वेग थोडा वाढतो, दाब मात्र उडी घेतो. गोळी थोडी खोल बसली, पुंगळी दुसऱ्या कंपनीची जाड भिंतीची असली, काडतुसे उन्हात गाडीत राहिली, तरी तेच. बोल्ट उचलायला जड जाणे, टोपी सपाट होऊन कडेला पसरणे, पुंगळीच्या बुडावर चकाकता ठसा उमटणे ही दाब वाढल्याची लक्षणे. पण ती दिसतात तोवर मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. वेग मोजणारे यंत्र आता स्वस्त झाले आहे. तक्त्यात दिलेल्यापेक्षा वेग बराच जास्त आला तर दाबही जास्तच आहे, कारण फुकट वेग कुठून येत नाही.

९.३×६२ भरणाऱ्याला एक मोह नेहमी होतो. कमाल दाब जुन्या रायफलींचा विचार करून बेताचा ठेवलेला आहे, आधुनिक सांगाडा जास्त सोसेल, मग .३७५ ला गाठावे. माझे मत स्पष्ट आहे: .३७५ हवी असेल तर .३७५ घ्यावी. बॉक यांचे काडतूस ७०० ते ७२० मीटरच्या वेगात शंभर वर्षांहून अधिक काळ आपले काम करत आले आहे. त्या वेगाला गोळी जनावरात शिरून नीट पसरते, तुकडे होत नाही, मांस फार खराब होत नाही. १५० मीटरवर नेम जुळवला तर २०० मीटरवर ती दहा-बारा सेंटीमीटरच खाली जाते. त्यापलीकडे झाडीतल्या शिकारीत गोळी झाडायची वेळ क्वचित येते आणि बहुतेकदा येऊ द्यायचीही नसते.

तयार रायफल युरोपात प्रमाणगृहात जाते. बर्मिंगहॅमचे प्रमाणगृह १८१३ पासून आहे, लंडनचे त्याहून जुने. तिथे कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाचे काडतूस झाडून पाहतात आणि टिकली तरच नळीवर ठसा उमटवतात. जुनी रायफल विकत घेणारा जाणकार आधी नक्षी पाहत नाही, हे ठसे पाहतो. नळी बदललेली असेल आणि ठसे जुन्याच काडतुसाचे असतील तर तो व्यवहार तिथेच थांबवतो.

भारतापुरते

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा छंद उरलेला नाही, आणि तो उरू नये असेच मला वाटते. शस्त्र बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. बंदूक घडवणे, बदलणे किंवा काडतूस तयार करणे यालाही स्वतंत्र परवाना लागतो, घरी करायची ही गोष्ट नाही. जर्मनीत शिकारी परवान्यासाठी कडक परीक्षा आहे आणि काडतुसे भरायची तर स्फोटकांच्या कायद्याखाली वेगळी परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. तिथे राहून हे शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाने एखाद्या अनुभवी माणसाशेजारी बसूनच सुरुवात करावी.

या काडतुसांच्या इतिहासात भारताचा हात मात्र मोठा आहे. ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या खासगी रायफलींवर बंदी घातली, त्याच मापाच्या लष्करी रायफलींना चालणारा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून. त्यातून लंडनच्या कारागिरांना .४६५, .४७० अशी नवी मापे काढावी लागली. त्याच धोरणामुळे लष्करी .३०३ ऐवजी .३१५ हे माप इथे नागरी वापरासाठी रुळले, आणि स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या रायफल कारखान्यात त्याच मापाच्या रायफली बनत राहिल्या. पिकाच्या रक्षणासाठी परवाना असलेल्या शेतकऱ्याच्या घरी आजही बहुधा तीच असते. त्या .३१५ च्या पुंगळीच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरे दिसली तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे.